पाण्याची मशागत

मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत पूर्व द्रुतगती महामार्गाच्या खाडीकडच्या अंगाला मिठागरांची आणि पडीक खाजणांची एक पट्टी अजून उरली आहे. तिच्यावर हिवाळ्यात रानबदके उतरावीत आणि उतरली तर टिकावीत, यासाठी जमिनीवर आणि पाण्यावर नेमके काय काम करावे लागते, हा या पुस्तिकेचा विषय आहे. विषय ऐकताच दोन प्रकारची माणसे बिचकतात. पक्षिप्रेमी बिचकतात, कारण पाणथळ जागा आखून, पेरून, पाण्याची पातळी वरखाली करून बदके बोलावण्याची विद्या मुळात शिकाऱ्यांची. घराच्या शोधातला मुंबईकर बिचकतो, कारण जिथे माणसाला दहा बाय दहाची खोली परवडत नाही तिथे बदकांसाठी वाफे राखायचे, ही त्याला चैन वाटते. दोघांच्याही म्हणण्याकडे पुढे वळायचे आहे. त्याआधी या प्रस्तावनेचे म्हणणे सरळ मांडलेले बरे. बंदूक गेली हे योग्यच झाले. पण बंदुकीबरोबर पाण्याची मशागत करणारा माणूसही गेला, आणि त्याच्या जागी आपण कुंपण, पाटी आणि न्यायालयाचा आदेश एवढेच उभे केले. कुंपणाने जमीन राखता येते, पाण्याची खोली राखता येत नाही. बदकांच्या दृष्टीने तर सगळा प्रश्न खोलीचाच असतो.

थापट्या, तलवार बदक, हळदीकुंकू ही बुडी मारून तळ गाठणारी बदके नव्हेत. डोके पाण्यात, शेपटी आभाळाकडे, अशा उलट्या अवस्थेत मान जिथवर पोहोचेल तिथवरचेच अन्न त्यांचे. म्हणून १० ते २५ सेंटिमीटर पाणी असले की त्यांचे पोट भरते. अर्धा मीटर झाले की तेच पाणी त्यांना फक्त विसाव्याच्या उपयोगाचे उरते. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव कितीही रम्य आणि सुरक्षित असले तरी ते पिण्याच्या पाण्यासाठी डोंगराच्या कुशीत बांधलेले खोल साठे आहेत. उथळ काठ सोडला तर तिथे अशा बदकाला चरायला जागा नाही. दुसरी गोष्ट बियांची. पाणथळीतली बहुतेक बीजाळ गवते आणि लव्हाळे पाण्याखाली रुजत नाहीत. त्यांना उघडा, ओलसर चिखल लागतो. म्हणजे जागा काही महिने कोरडी करायची, चिखलावर पाखड, लव्हाळा, देवभात उगवू द्यायचे, बी धरू द्यायचे, आणि बदके यायच्या सुमाराला त्या उभ्या पिकावर हळूहळू पाणी चढवायचे. पाणी चढते तसे कुजणाऱ्या पाल्यावर किडे, गोगलगायी, अळ्या वाढतात. धान्यातून ताकद मिळते, पण पिसे बदलायला आणि परतीच्या प्रवासानंतर अंडी धरायला लागणारी प्रथिने मिळतात ती या किड्यांतून. सगळे पाणी एका दिवसात चढवले तर बदके दोन आठवड्यांत फन्ना उडवून निघून जातात. रोज बोटभर चढवले तर काठाची ओली कड पुढे सरकत राहते आणि तीच जागा तीन महिने पुरते. मिसुरीतल्या पाणथळींवर काम करणाऱ्या फ्रेडरिक्सन आणि टेलर यांनी १९८२ साली या पद्धतीची शास्त्रीय मांडणी केली, आणि आज अमेरिकेतल्या सरकारी अभयारण्यांपासून खाजगी शिकार-क्लबांपर्यंत सगळे तीच वापरतात. शिकाऱ्यांना यातले बरेचसे आधीच ठाऊक होते. त्यांच्या ज्ञानाची परीक्षा हंगामात दर आठवड्याला व्हायची, आणि निकाल पिशवीतल्या वजनावर लागायचा.

आपल्याकडे याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे आहे, आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. भरतपूरचे केवलादेव हे आज जागतिक वारसास्थळ आहे, पण ते निसर्गतः पडलेले तळे नाही. मूळच्या सखल खोलगटात बांध घालून, अजान बांधातून कालव्याने पाणी आणून, आतल्या आत आडवे बांध आणि झडपा बसवून भरतपूरच्या संस्थानाने ते बदकांच्या शिकारीसाठी घडवले. लॉर्ड कर्झनपासूनच्या शिकारींचे आकडे तिथल्या दगडी फलकांवर आजही कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत ३९ बंदुकांनी ४,२७३ पक्षी पाडले. आकडा वाचून किळस येते, आणि यायलाच हवी. पण एका दिवसात एवढे पक्षी पाडायचे तर तिथे त्याच्या कितीतरी पट पक्षी जमलेले असले पाहिजेत, आणि ते जमले होते ते पाण्याच्या चोख नियोजनामुळे. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केवलादेवला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. १९८२ साली आत चरणाऱ्या म्हशींना बंदी झाली. तिला आसपासच्या गावांनी विरोध केला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. इतकी किंमत मोजून जागा ‘मोकळी’ केल्यावर जे झाले ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्याच दशकभराच्या अभ्यासात नोंदले गेले: म्हशी गेल्यावर पॅस्पॅलम नावाच्या गवताने उथळ पाणी गच्च भरून टाकले, उघडे पाणी आटले, आणि अनेक जातींच्या बदकांना जागा कमी पडू लागली. ज्या संस्थेचा बंदीकडे कल होता तिनेच चराई नियंत्रित स्वरूपात परत आणावी असा निष्कर्ष काढला. शास्त्रीय प्रामाणिकपणाचा हा दुर्मीळ नमुना आहे, आणि आपल्या चर्चांत तो फारसा कुणी उद्धृत करत नाही. म्हैस तिथे अजाणता मशागतीचे काम करत होती. ती काढली तेव्हा तिचे काम कोण करणार हे कुणी ठरवले नव्हते.

हीच गोष्ट आपल्या खाडीकाठी वेगळ्या रूपात घडते आहे. मिठागर म्हणजे बांध आणि उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची झडप, यांनी पाण्यावर ताबा ठेवणारी जागा. पावसाळ्यात तिच्यात गोडे पाणी साठते. पाऊस सरल्यावर ते ओहोटीला सोडून देतात, मग उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी आत घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवतात, आणि पुढच्या पावसापर्यंत मीठ निघते. आत घेतलेल्या पहिल्या वाफ्यांत पाणी वीतभर असते आणि खारटपणा अजून बेताचा असतो. तिथे किडे, झिंगे, कोळंबीची पिल्ले असतात आणि त्यांच्यामागे पक्षी. मीठ पिकवणाऱ्या आगरी माणसाने पक्ष्यांसाठी काहीही केले नाही. त्याने फक्त उघाडी वेळेवर उघडली आणि वेळेवर बंद केली. मिठाचा धंदा बसला तसे बांध फुटले. बांध फुटले की पाणी रोज आत-बाहेर जाते, आणि तिवरांच्या बिया त्या गाळावर रुजतात. काही वर्षांत तिथे झाडोरा उभा राहतो. मग ती जागा कायद्याने कांदळवन ठरते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली दिलेल्या आणि २०१८ च्या निकालात पक्क्या केलेल्या आदेशांमुळे तिथे आणि भोवतालच्या ५० मीटरांत हात लावता येत नाही. हे आदेश आवश्यकच होते. ते नसते तर या शहराच्या किनाऱ्यावर तिवर शिल्लक राहिले नसते. पण दाट तिवरांत ना रोहित उतरतो ना थापट्या. त्यांना मोकळा चिखल आणि उघडे पाणी लागते, आणि ठाणे खाडीत तेच कमी होत चालले आहे. थोडक्यात, मोडलेल्या मिठागराला ‘निसर्गावर सोडून’ देणे हाही एक निर्णयच असतो: बदकांच्या जागी झाडे लावण्याचा.

कायद्याच्या नजरेतून पाहिले तर ही पट्टी आणखी विचित्र जागी अडकली आहे. ठाणे खाडी रोहित अभयारण्य २०१५ साली घोषित झाले, सुमारे १,६९० हेक्टरांचे, त्यात निम्म्याहून अधिक कांदळवन. २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रामसर कराराच्या व्याख्येत माणसाने बनवलेल्या पाणथळीही येतात. आपल्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र भातशेती आणि मीठ, मत्स्यपालन, सिंचन, पिण्याचे पाणी यांसाठी बनवलेली सगळी जलक्षेत्रे व्याख्येतूनच वगळली आहेत. म्हणजे ओहोटीला पक्षी ज्या चिखलावर चरतात तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा, आणि भरतीला चिखल बुडाल्यावर तेच पक्षी ज्या मिठागरावर येऊन बसतात ते कागदोपत्री पाणथळच नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने अभयारण्याला जोडून असलेल्या अशा भरतीच्या आसऱ्यांचा आराखडा केला, त्यात नवी मुंबई आणि उरणच्या जागांबरोबर भांडुप उदंचन केंद्राचा परिसरही आहे. पाण्याची वाट बंद झाली तर काय होते याचे उत्तर नेरूळच्या डीपीएस तलावाने २०२४ साली दिले. भरतीचे पाणी आत येणे थांबल्यावर ते तळे सुकत गेले, आणि रोहित सैरभैर होऊन मेले, जखमी झाले. एका नळाच्या तोंडाचा तो प्रश्न होता.

मग वाफ्यात करायचे काय? इथे अमेरिकेची नक्कल चालणार नाही. तिथे कोरडा काळ उन्हाळ्याचा, आपल्याकडे नेमक्या त्या वाढीच्या महिन्यांत २,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. शिवाय आपली माती खारी. सुदैवाने या अडचणीचे उत्तर कोकणातल्या खारभात शेतीत तयार आहे. जूनमध्ये पहिल्या पावसाचे पाणी बांधात कोंडायचे, मातीतले मीठ त्यात विरघळू द्यायचे, ओहोटी साधून उघाडीतून ते सोडायचे, पुन्हा कोंडायचे, पुन्हा सोडायचे. दोनतीनदा असे धुतल्यावर वरचा थर गोडा होतो आणि भुरा राता, काळा राता यांसारखी खार सोसणारी भाते किंवा पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेली वाणे त्यात तग धरतात. बदकांच्या वाफ्याला हेच वेळापत्रक लागते, फक्त कापणी वगळून, किंवा अर्धी कापून. ऑगस्टनंतर पाणी उतरवत न्यायचे, ऑक्टोबरात वाफा जवळजवळ उघडा ठेवायचा, आणि दिवाळीच्या आसपास पहिली बदके दिसली की उरलेले पावसाचे पाणी शेजारच्या साठवणीच्या वाफ्यातून थोडे थोडे आत घ्यायचे. जानेवारीनंतर गोडे पाणी संपते. तेव्हा उधाणाचे खाडीचे पाणी घ्यायला हरकत नाही, तोवर बियांचे काम झालेले असते आणि किड्यांचे सुरू होते. बांधाच्या आतल्या उतारावर धापा आणि मोरस राहू द्यावेत, पण तिवराची रोपे मात्र कोवळी असतानाच, वनखात्याच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी घेऊन काढावीत. रोप कमरेएवढे झाल्यावर परवानगी मागायला जाणारा माणूस उशिरा पोहोचलेला असतो. या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपकरण म्हणजे वाफ्याच्या सर्वांत खोल जागी रोवलेली, सेंटिमीटरच्या खुणा केलेली एक लाकडी पट्टी. ती रोज वाचणारा माणूस नसेल तर बाकीचे सगळे वाया.

पहिला आक्षेप तात्त्विक आहे: पेरून बोलावलेले पक्षी रानटी कसे? ही निसर्गाची जपणूक की आमिष? शिकारीच्या देशांतल्या कायद्याने हा प्रश्न आपल्याआधी सोडवण्याचा प्रयत्न केला आहे. अमेरिकेत कापून, विखरून टाकलेल्या धान्यावर बदके मारणे गुन्हा आहे. उभ्या पिकावर पाणी चढवून तिथे शिकार करणे गुन्हा नाही. भेद सूक्ष्म वाटतो, पण त्यात अर्थ आहे. टाकलेले धान्य म्हणजे खानावळ, तिथे फक्त खाणे आहे. उभ्या पिकाच्या पाणथळीत किडे, लपण, खोली, ऋतू सगळेच असते, आणि बदकाला ते शोधून खावे लागते. आपल्याला बंदूक चालवायची नसली तरी हा भेद पाळायला हवा. खाडीकाठी सीगलांना शेव-फरसाण टाकणारे हौशी लोक पाहिले की तो किती निकडीचा आहे ते कळते. आणि ‘मूळ निसर्ग’ म्हणावा असा तुकडा या पट्टीत उरलेलाच नाही. मिठागर, खारभात, बांध, उदंचन केंद्राची तळी, सगळे माणसाचेच काम. फरक असलाच तर तो आपण कशासाठी काम करतो याचा आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो शिकारीचे समर्थक करतात. त्यांचे म्हणणे असे की अमेरिकेत १९३४ पासून प्रत्येक बदक-शिकाऱ्याला सरकारी तिकीट विकत घ्यावे लागते. व्यंगचित्रकार डार्लिंग यांनी पहिल्या तिकिटाचे चित्र काढले, आणि त्या पैशातून आजवर ६० लाख एकरांच्या आसपास पाणथळ जमीन राखली गेली. शिकारी पैसे देतो म्हणून पाणी राहते. तो काढून टाकला तर पैसे कोण देणार? युक्तिवाद खोटा नाही. तो आपल्याला लागू नाही, एवढेच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार एकदम बंद झाली नव्हती. लहान शिकारीचे परवाने देण्याची तरतूद त्यात होती आणि ती १९९१ च्या दुरुस्तीने काढली. म्हणजे परवाना पद्धत आपण जवळून पाहिलेली आहे, आणि तिच्यातून पाणथळींसाठी पैसा उभा राहिला असे कुठे दिसले नाही. परवाना तपासायला माणसेच नसतील तर परवाना म्हणजे मोकळे रान. त्यातून महामार्गापासून हाकेच्या अंतरावर, झोपड्या आणि मनोऱ्यांच्या मधे छरे उडवणे हा विचारच वेडेपणाचा. शिशाच्या छऱ्यांनी पाणथळीत होणारी विषबाधा इतकी उघड झाली की अमेरिकेनेही १९९१ पासून बदकांच्या शिकारीत ते बंद केले. तेव्हा शिकार परत आणा, मग पाणी राहील, हा मार्ग इथे बंद आहे आणि बंदच राहावा. सलीम अली तरुणपणी उत्साही शिकारी होते. ज्या कुतूहलाने त्यांनी बंदूक उचलली त्याच कुतूहलाने पुढे बदकांच्या पायात कड्या घातल्या गेल्या. इंग्लंडात बदकांचे शिकारी असलेल्या पीटर स्कॉट यांनीही १९४६ साली स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांसाठी संस्था उभारली. दोघांनीही शिकाऱ्याची नजर टाकून दिली नाही, बंदूक खाली ठेवली.

पैसा दुसरीकडून येऊ शकतो याची उदाहरणे आहेत. कॅलिफोर्नियात १९९१ च्या कायद्याने भाताचा पेंढा जाळण्यावर टप्प्याटप्प्याने बंधने आली. शेतकरी पेंढा कुजवण्यासाठी हिवाळ्यात शेतात पाणी ठेवू लागले, लाखो बदके त्यात उतरली, आणि त्यांच्या पायांनी, चोचींनी पेंढा लवकर कुजतो हेही दिसून आले. जपानात मियागी प्रांतातल्या काबुकुरी-नुमा तळ्याभोवतीची भातशेते हिवाळ्यात पाण्याखाली ठेवतात. तो सगळा परिसर २००५ साली रामसर यादीत गेला आणि तिथला तांदूळ पक्ष्यांच्या नावावर जास्त भावाने विकला जातो. मुंबईला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र हाँगकाँगच्या माय पो चे आहे. तिथे भरतीच्या पाण्याबरोबर कोळंबीची पिल्ले आत घेऊन वाढवण्याची, बांध आणि उघाड्यांची जुनी तळी होती. आपल्या खाजणांच्या सख्ख्या चुलत भावासारखीच. धंदा परवडेनासा झाल्यावर १९८३ पासून एका निसर्गसंस्थेने ती सांभाळायला घेतली: काही तळी हिवाळ्यात पाळीपाळीने उपसायची, काहींत पाणी उथळ ठेवायचे, झाडोरा वाढू लागला की छाटायचा. पलीकडे शेन्झेनचे मनोरे उभे आहेत आणि अलीकडे पाणपक्ष्यांचे थवे. इथल्या खाडीत ऐरोलीहून रोहित दाखवणाऱ्या बोटी चालतात, त्यांना गर्दी असते. उघाडीवर नेमलेल्या दोन माणसांचा पगार त्यातून निघणार नाही असे मानायला काही कारण दिसत नाही. आणि ती दोन माणसे बाहेरून आणायची गरज नाही. भांडुप, मुलुंडच्या आगरी घरांत उघाडीचा अंदाज असलेले वडीलधारे अजून आहेत.

डासांचा आक्षेप नागरिकांच्या बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत येतो. शहरात हिवताप पसरवणारा डास मुख्यतः इमारतींवरच्या उघड्या टाक्या, विहिरी, बांधकामाच्या जागी साठलेले पाणी यांत वाढतो. डेंग्यूचा डास कुंड्या, टायर आणि डब्यांत, तर रात्री चावून हैराण करणारा क्युलेक्स गटारांत. मासे, किडे आणि चरणारे पक्षी असलेल्या, पातळी सतत हलणाऱ्या वाफ्यात त्यांतल्या कुणाचीच चैन नाही. धोका आहे तो साचलेल्या, कचऱ्याने अडलेल्या, न हलणाऱ्या डबक्याचा, म्हणजे आज त्या पट्टीत जे आहे त्याचा. पक्ष्यांच्या रोगराईचा आक्षेप यापेक्षा गंभीर आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानच्या सांभर सरोवरात बॉट्युलिझमने हजारो पाणपक्षी मेले. मेलेल्या पक्ष्यांवरच्या अळ्या खाऊन जिवंत पक्षी विष पोटात घेत गेले आणि साखळी वाढत गेली. म्हणून एकच मोठे तळे करून सगळे पक्षी तिथे गोळा करणे चुकीचे. लहान, एकमेकांपासून तोडता येतील असे वाफे हवेत, आणि मेलेला पक्षी त्याच दिवशी उचलला गेला पाहिजे.

विमानांच्या आक्षेपाला मात्र अंशतः मान तुकवावीच लागते. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाच्या धडकेत ४० च्या आसपास रोहित मेले. अंधारात, थव्याने उडणारा जड पक्षी विमानालाही घातक. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत कचरा टाकणे आणि जनावरे कापणे यांवर विमान नियमांत बंदी आहे ती याच कारणाने. बदकांचे वाफे त्या बंदीत बसत नाहीत, पण तिच्यामागचा विचार लागू होतो. म्हणून या पुस्तिकेची शिफारस पट्टीच्या उत्तर टोकापुरती आहे, मुलुंड आणि भांडुपच्या बाजूची, जी त्या वर्तुळाच्या बाहेर पडते. घाटकोपरच्या मिठागरांवर आणि तळ्यांवर पक्षी आपण होऊन येत असतील तर येवोत. तिथे त्यांना पेरून बोलावू नये. पक्षिमित्रांच्या काही गटांना ही कात्री आवडणार नाही. तिच्याशिवाय विमानतळाच्या अधिकाऱ्यांपुढे एक पाऊलही टाकता येणार नाही, आणि टाकूही नये.

उरला घरांचा प्रश्न. २०२४ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप आणि मुलुंड इथली २५५.९ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातल्या भाड्याच्या घरांसाठी घेण्यास मंजुरी दिली. घरांची गरज खरी आहे, आणि ‘बदके की माणसे’ असा सवाल विचारणाऱ्याला हसून टाळणे योग्य नाही. पण तो सवाल मोजमापाशिवाय विचारला जातो. मुंबईत मिठागरांची जमीन ५,००० एकरांहून अधिक आहे, तिच्यातला बराच भाग सागरी किनारा नियमांखाली किंवा कांदळवनाखाली असल्याने कुणालाच बांधता येत नाही. बदकांचे वाफे मागायचे ते याच न बांधता येणाऱ्या जमिनीवर. शिवाय ही पट्टी मुलुंड-भांडुपच्या पावसाचे पाणी भरतीच्या वेळी धरून ठेवते. बांध घातलेला, पातळी उतरवलेला वाफा जुलैत जितके पाणी घेईल तितके भरावाची जमीन घेणार नाही, हे २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या शहराला समजावून सांगायची गरज नसावी. लंडनमध्ये बार्न्स इथे निकामी झालेल्या जलाशयांपैकी एका तुकड्यावर घरे बांधली गेली, त्यातून आलेल्या पैशातून उरलेल्या जागी पाणथळ केंद्र झाले, ते २००० साली खुले झाले. आपल्याकडे असा सौदा झाला तर पहिली अट हवी की पाणथळीचा हिस्सा आणि त्याचा दरवर्षीचा खर्च आधी बाजूला काढला जावा. घरे झाल्यावर उरलेल्या जमिनीतून पक्ष्यांचे बघू, असे म्हटले की काही उरत नाही.

पुढच्या प्रकरणांत बांधाची उंची, उघाडीची रचना, बियाणे, पाण्याच्या नोंदी आणि पक्षिगणनेचे तक्ते दिले आहेत. सुरुवातीला मोठी योजना नको. भांडुप-मुलुंडच्या अंगाला दोन-दोन हेक्टरांचे तीन वाफे घ्यावेत. पहिल्यात राता भात पेरून अर्धे कापावे, दुसऱ्यात काही न पेरता फक्त पातळी सांभाळावी, तिसऱ्याला हात लावू नये. ऑक्टोबर ते मार्च, दर आठवड्याला एकाच वेळी तिन्हींत गणना व्हावी, शक्यतो शिकवून तयार केलेल्या शेजारच्या शाळेच्या मुलांकडून आणि त्यावर जाणकाराची फेरतपासणी ठेवून. दोन हिवाळे सरल्यावर दुसऱ्या वाफ्यात पहिल्याइतकीच बदके चरताना दिसली, तर पेरणीचा खर्च वायफळ ठरेल आणि पेरणीचे प्रकरण या पुस्तिकेतून काढून टाकावे. तिन्ही वाफ्यांत सारखीच दिसली, तर ही प्रस्तावनाही.